शंभर ग्रॅम शर्ट

वाळपईची सकाळची बस रानाच्या तोंडाशी सोडते,
पुढे पाऊण तास चढ.
पिशवीत स्प्रिंगचा काटा, रजिस्टर, दंड मोजायची पट्टी
आणि वाटायची रंगीत पत्रकं,
ज्यांच्यावर सफरचंद आहे.

झोऱ्यांच्या वस्तीवर काटा मी कुंभ्याच्या फांदीला बांधते.
मुलं त्याला पाळणा म्हणतात.
धुळू रडत नाही, हसत नाही,
झोळीत ठेवला तसा राहतो
पिळून टाकलेल्या पंचासारखा.
एकोणीस महिने. सात किलो नऊशे.
पट्टी दंडाभोवती फिरून लालवर थांबते.
माझी बांगडी त्याच्या खांद्यापर्यंत चढली असती.

भागी शेणाचे हात लुगड्याला पुसत येते,
तबकडीकडे बघते,
सोसायटीतल्या यंत्राकडे बघावं तशी,
आणि विचारते,
"बाय, फॅट किती आलं?"

मी हसले. मग हसू परत घ्यावंसं वाटलं.
तिने मापं पाहिलीत ती तेवढीच:
पहाटे एकदा, संध्याकाळी एकदा
विठूच्या मोटरसायकलला लटकून कॅन डोंगर उतरतात,
यंत्र आकडा सांगतं, सहा पूर्णांक नऊ,
आकड्यावर पैसे, पैशांवर पेंड, पेंडीवर पुन्हा दूध.
दुधाची परीक्षा दिवसातून दोनदा.
धुळूची महिन्यातून एकदा,
बस चुकली तर तीही नाही.

"दूध देतेस ना याला?"
"देते की. चहातून."
चुलीवर पातेलं होतं.
त्या चहाचा रंग मी लिहिला नाही,
रजिस्टरात तसा रकाना नव्हता.

कातळावर चढून फोन लावला, रेंज तिथेच येते.
पर्यवेक्षिका म्हणाल्या, गेल्या महिन्यात
आपल्याकडे लाल एकही नव्हता.
पुन्हा कर वजन. कपडे घालून कर,
थंडी असेल ना वर?
थोरल्या भावाचा शर्ट, बाह्या बोटांच्या खाली लोंबणाऱ्या.
आठ किलो.
रेषा अगदी तिथेच होती.
पिवळ्यात जायला
तेवढा शर्ट पुरला असता.

वाळपईत माझा मुलगा दुधावरची साय बोटाने काढून
बशीच्या कडेला चिकटवतो.
हे मी कुणाला सांगत नाही.
मी टिंब दिलं, लाल, शर्टाआधीचं.

चौदा दिवस वॉर्डात राहावं लागेल, म्हटलं.
भागी गोठ्याकडे बघत राहिली.
म्हैस तिच्याच हाताला पान्हा सोडते.
विठू तंबाखू मळत होता,
मळून झाली तरी मळत होता.

पुढचं मला तिच्या धाकट्या दिराने सांगितलं.
तिसऱ्या पहाटे विठू झोऱ्याने
बायकोचं जुनं लुगडं डोक्यावरून घेतलं,
तिच्या बांगड्या हातात चढेनात,
मग सुतळीत ओवून मनगटाला बांधल्या,
आणि बसला म्हशीखाली.
म्हशीने मान वळवून हुंगलं. बराच वेळ.
फसली नसणार ती, असं मला वाटतं.
पण सोडला पान्हा.
अर्धा कॅन. फॅट पाच पूर्णांक चार. दर कापला.

बाराव्या दिवशी मी वॉर्डात गेले.
सिस्टरने शर्ट काढून माझ्याकडे दिला
आणि धुळूला काट्यात ठेवलं.
तो रडला.
मोठ्याने, सगळ्या खाटांना ऐकू जाईल असा,
लाथा झाडत, मुठी आवळत.
सुई इकडून तिकडे, आकडा लागेना.
सिस्टर वैतागली, धरा ओ त्याला जरा.
भागी पुढे झाली नाही. मीही नाही.
म्हटलं, थांबा,
हलू दे सुईला.